जुन्या सिनेमांच्या डिस्क ऑनलाइन लिलावात विकायच्या आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या डीव्हीडी, व्हीसीडी, ब्लू-रे आणि सिनेमाचे थोडेफार कागद ईबेवर किंवा इथल्या फेसबुक गटांत बोलीने विकायचे, असा जोडधंदा करू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं हा व्यवहार करणाऱ्याची आहेत, वकिलाची किंवा सीएची नाहीत.

ओटीटीच्या जमान्यात डिस्क घेतं कोण?

ज्याला हवा तो सिनेमा ओटीटीवर सापडत नाही, तो घेतो. नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवण्याची मूळ सेवा २०२३च्या सप्टेंबरअखेर बंद केली, आणि अमेरिकेतल्या बेस्ट बायने पुढच्याच वर्षी दुकानांतून डिस्क काढून टाकल्या. नवी डिस्क मिळणं अवघड झालं की जुनीला भाव येतो. मात्र तो सगळ्या डिस्कना येत नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आपल्याकडच्या मालाला गिऱ्हाईक बरंचसं परदेशातलं आहे. ऐंशीच्या दशकातले हिंदी भयपट जमवणारे युरोपीय, हिंदी-बंगाली सिनेमावर काम करणारे अभ्यासक, आणि 'आमच्या लहानपणी घरी ही व्हीसीडी होती' म्हणत शोधत येणारे परदेशस्थ मराठी. ही शेवटची मंडळी घासाघीस सर्वांत जास्त करतात, पण पैसे वेळेवर देतात आणि पुन्हा येतात.

मग कुठली डिस्क विकली जाते?

आधी काय विकलं जात नाही ते पाहू. २००७ साली डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी सिनेमे विकण्याच्या धंद्यात उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. घराघरात डिस्क गेल्या, भाजीवाल्याशेजारीसुद्धा त्या मिळू लागल्या. त्याच डिस्क आज रद्दीच्या प्रत्येक ढिगात आहेत. दिसायला सुबक, बऱ्याचदा न उघडलेल्या, पण मागणी जवळजवळ शून्य. गाजलेले हिंदी सिनेमेही तसेच: ते सगळीकडे आहेत, म्हणून त्यांना किंमत नाही.

डिस्क हातात आली की आधी नाव यूट्यूबवर टाकून पाहा. हक्कधारक कंपनीनेच चांगली प्रिंट फुकट ठेवली असेल, तर डिस्क खाली ठेवा. गाजलेले मराठी विनोदी सिनेमे जवळजवळ सगळे इथेच बाद होतात. मग ओटीटीवर शोधा. तिथेही नसेल तर ईबेवर 'सोल्ड आयटम्स'ची चाळणी लावून तोच सिनेमा पाहा. लोक मागतात ती किंमत आणि प्रत्यक्ष देतात ती किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. कुणीतरी दोनशे डॉलर लावून ठेवलेली व्हीसीडी तिथे वर्षानुवर्षं पडून असते, आणि ती पाहून नवा माणूस हुरळतो.

या चाळणीत टिकणारा माल म्हणजे मराठी नाटकांची चित्रमुद्रणं, समांतर सिनेमा, माहितीपट, मुलांचे कार्यक्रम, भावगीतांच्या मैफली, प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त पण विस्मरणात गेलेले सिनेमे, आणि ज्यांची कंपनीच आता उरली नाही अशा लेबलांच्या डिस्क. नाटकांकडे विशेष लक्ष ठेवा. सिनेमा कुठेतरी पुन्हा निघतो, पण त्या संचातलं ते नाटक एकदाच चित्रित झालेलं असतं.

माल आणायचा कुठून?

पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत चोर बाजार, पण तिथल्या विक्रेत्यांच्या हातात आता मोबाइल आहे आणि ईबेचे भाव त्यांना तुमच्याआधी कळतात. तिथे स्वस्त मिळेल अशी आशा धरू नका. चांगला माल मिळतो, एवढंच.

खरा साठा घरांत आहे. सोसायटी पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात, आणि पहिल्यांदा बाहेर पडतात त्या डिस्क आणि कॅसेट. आपल्या भागातल्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा: डिस्क वेगळ्या ठेव, किलोच्या भावापेक्षा जास्त देईन. तो ठेवतो. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचे मालकही अनेकदा माल सांभाळून असतात. त्यांना तो फेकवत नाही आणि विकताही येत नाही. त्यांच्याकडे उधळपट्टीने सगळं उचलू नका. लायब्ररीच्या डिस्कवर शिक्के, क्रमांक आणि शंभर हातांचे ओरखडे असतात.

२०१६ मध्ये मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं-सिनेमांचं दुकान बंद झालं, तशी अनेक शहरांतली दुकानं त्या दशकात गेली. त्या काळातला न खपलेला, सीलबंद माल अजून कुणाच्या तरी गोदामातून निघतो. तसा लॉट समोर आला तर विचार करायला दुसरा दिवस मागू नका.

डिस्क खरी की पायरेटेड, कसं ओळखायचं?

खालची बाजू पाहा. जांभळट किंवा निळसर झाक असेल तर बहुधा ती घरी 'राइट' केलेली डिस्क आहे. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी असते, दोन थरांची डीव्हीडी किंचित सोनेरी. मधल्या भोकाभोवतीच्या काचेसारख्या कड्यावर बारीक अक्षरं असतात. त्यात 'आयएफपीआय'ने (IFPI, रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) सुरू होणारा संकेत दिसला तर चांगलं लक्षण. पण चोरटा मालही कारखान्यात छापला जायचा, म्हणून एवढ्यावर भागत नाही. कव्हरवर सेन्सॉर प्रमाणपत्र, काढणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाचं नाव आहे का, ते पाहा. एका डीव्हीडीत पाच सिनेमे आणि कव्हरवर तीन वेगळ्या सिनेमांतले नट? हात लावू नका, फुकट मिळाली तरी.

जुनी डिस्क पुन्हा विकणं कायदेशीर आहे का?

अमेरिकेत उत्तर सरळ आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे कायदेशीर प्रत एकदा विकली गेली की घेणारा ती पुढे विकू शकतो. प्रत परदेशात बनलेली असली तर? हा प्रश्न ईबेवरूनच त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी घरच्यांकडून तिथली स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत ईबेवर विकायचा. प्रकाशक वायली यांनी खटला भरला, आणि २०१३ मध्ये निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला: कायदेशीरपणे बनलेली प्रत, मग ती कुठेही बनलेली असो. आपली मूळ भारतीय डीव्हीडी अमेरिकेत विकणाऱ्याला या निकालाचा मोठा आधार आहे.

भारतात गोष्ट जरा किचकट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात पुस्तकांसाठी 'आधीच वितरणात आलेल्या प्रती सोडून' अशी सूट होती, सिनेमासाठी मात्र नव्हती. उलट सिनेमाची प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडेच, ती प्रत आधी विकली गेलेली असली तरी, असं कलम १४ मध्ये लिहिलेलं होतं. २०१२च्या दुरुस्तीत हे शेवटचे शब्द गळले आणि भाड्याच्या जागी व्यावसायिक भाडं आलं. त्यामुळे मूळ प्रत पुन्हा विकणाऱ्याची बाजू पूर्वीपेक्षा बरीच भक्कम झाली आहे, तरी पुस्तकांइतकी स्वच्छ नाही.

पायरसीबाबत मात्र काहीच संदिग्ध नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वर उल्लेख केलेले कव्हरवरचे तपशीलही कलम ५२अ प्रमाणे सक्तीचे आहेत. अश्लील माल तर दारातही नको. २००४ मध्ये एका वापरकर्त्याने तशी क्लिप विकायला लावली म्हणून बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटच्या प्रमुखांनाच अटक झाली होती.

ईबे इंडिया कुठे गेलं?

हीच बाझी २००४ साली ईबेने विकत घेतली आणि तिचं ईबे डॉट इन झालं. २०१७ मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडलं. आज भारतातला विक्रेता ईबेच्या परदेशी साइटवर निर्यातदार म्हणून विकतो आणि पैसे पेओनियर या पेमेंट सेवेमार्फत बँकेत येतात. देशातल्या देशात बोली लावायची तर फेसबुक आणि व्हॉट्सअॅपचे संग्राहक गट. तिथे फोटोखाली कॉमेंटमध्ये बोली चालते, रात्री दहा-साडेदहाला बंद होते, आणि नियम अॅडमिन म्हणेल तो. भाव कमी, पण टपालखर्च आणि कागदपत्रांची कटकटही कमी. शिकायला उत्तम जागा.

लिलाव लावावा की ठरलेली किंमत?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत: जिची किंमत तुम्हालाच माहीत नाही अशी दुर्मीळ डिस्क लिलावात, बाकी सगळं ठरलेल्या किमतीला, 'बेस्ट ऑफर' (गिऱ्हाइकाला आपला भाव सुचवू देण्याची सोय) चालू ठेवून.

लिलावाला निदान दोन गिऱ्हाइकं लागतात. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुपचूप भरतो आणि यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतंच वर चढतं. एकाने २० डॉलर भरले, दुसऱ्याने १२, तर डिस्क जाते साडेबाराला. पाच ते पंचवीस डॉलरच्या टप्प्यात बोली अर्ध्या डॉलरने वाढते. म्हणजे तुम्हाला मिळणारी किंमत पहिला नाही, दुसरा ठरवतो. दुसरा आलाच नाही तर ९९ सेंटला लावलेली वस्तू ९९ सेंटलाच द्यावी लागते. म्हणून सुरुवातीची किंमत अशी ठेवा की एकच बोली आली तरी रडू येणार नाही.

मुदत सात दिवसांची ठेवा, म्हणजे एक शनिवार-रविवार आत येतो. लिलाव ज्या वेळी सुरू होतो बरोबर त्याच वेळी संपतो. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट उलटलेली असते, म्हणून सोमवारी सकाळी सात-साडेसातला लावलेला लिलाव पुढच्या सोमवारी त्याच वेळी संपेल आणि तिकडचे लोक घरी असतील. शेवटच्या दहा सेकंदांत बोल्या पडतात, तोवर शुकशुकाट असतो. घाबरून मधेच लिलाव मागे घेऊ नका.

भाव चढवायला मित्राला दोन बोल्या लावायला सांगितलं तर?

नाही. ईबेवर बंदी आहे, खातं जातं. फेसबुक गटात तर आठवड्याभरात सगळ्यांना कळतं.

वर्णनात काय लिहायचं?

जे बिघडलेलं आहे ते पहिल्या ओळीत. कव्हरचे पुढून-मागून, डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो, दिव्याखाली तिरके धरून. 'चालू स्थितीत' लिहायचं असेल तर डिस्क शेवटपर्यंत चालवून पाहिलेली हवी. व्हीसीडीत सिनेमा दोन-तीन डिस्कवर असतो, आणि नेमकी दुसरीच हरवलेली किंवा भलत्याच सिनेमाची निघते.

ओरखड्यांबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. व्हीसीडी किंवा सीडीत माहितीचा थर वरच्या, चित्राच्या बाजूला, रंगाच्या लगेच खाली असतो. वरून नखाने खरवडलं तर तो भाग कायमचा गेला. खालचे ओरखडे मात्र घासून बऱ्याचदा निघतात. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरच्या ओरखड्याला जास्त दाद देत नाही. व्हीसीडी उजेडाकडे धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथे थर उडालेला आहे. तसं सरळ लिहा, किंवा विकू नका.

रीजन आणि पाल-एनटीएससीचा घोळ काय आहे?

परत येणाऱ्या पार्सलांचं हे मोठं कारण. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा संकेत; पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती. भारत डीव्हीडीच्या रीजन ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये, युरोप आणि जपान २ मध्ये. ब्लू-रेची वाटणी वेगळी: अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, भारत सी. परदेशी बाजार डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या हिंदी डीव्हीडी पुष्कळदा 'ऑल रीजन' आणि एनटीएससी असतात, इथल्यासाठी काढलेल्या पाल असू शकतात. अमेरिकेतल्या साध्या प्लेअरवर पाल डिस्क चालेलच असं नाही. कव्हरच्या मागे कोपऱ्यात पृथ्वीच्या गोलात आकडा असतो, त्याचा फोटो टाका आणि शब्दांतही लिहा. तरीही कुणीतरी न वाचता घेईल आणि तक्रार करेल. पण लिहिलेलं असलं की निकाल तुमच्या बाजूने लागण्याची शक्यता बरीच वाढते.

पाठवायचं कसं?

पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये डिस्क, वर बबल, आणि बाहेर कडक पाकीट. प्लॅस्टिकचं खोकं वाटेत फुटतं. सुटी डिस्क जेमतेम १६ ग्रॅमची, पण खोक्यासकट ती शंभराच्या आसपास जाते, म्हणून काही विक्रेते खोकं काढून फक्त कव्हर आणि डिस्क पाठवतात. संग्राहकाला ते चालत नाही. आधी विचारा.

भारतीय टपालाची इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट सेवा लहान वस्तूंना बरी पडते. ट्रॅकिंगशिवाय काहीही पाठवू नका, कारण 'मिळालं नाही' म्हणणाऱ्याला तुमच्याकडे दुसरं उत्तर नसतं. निर्यातीचं पार्सल २०२२ पासून सुरू झालेल्या डाक घर निर्यात केंद्रांतून जातं. टपाल निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची करसवलत काढली, तेव्हा आपलं तिकडचं टपाल ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ ठप्प होतं आणि विकलेली पार्सलं लोकांच्या घरात पडून राहिली. म्हणून लिलाव लावण्यापूर्वी, संपल्यावर नव्हे, त्या आठवड्याची स्थिती टपाल कार्यालयात विचारून घ्या.

कागदपत्रं कोणती लागतात?

निर्यात म्हटली की आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक. डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापार महासंचालनालय) साइटवर ५०० रुपयांत निघतो, क्रमांक तुमचा पॅनच असतो, आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो. वस्तूंची निर्यात आंतरराज्य पुरवठ्यात मोडते, म्हणून उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. लेटर ऑफ अंडरटेकिंग (जीएसटीचं हमीपत्र) भरलं की निर्यातीवर कर न भरता माल पाठवता येतो. देशात जुना माल विकताना नफ्याच्या फरकावरच कर भरण्याची सोय नियमांत आहे; तिच्या अटी सीएकडून समजून घ्या. आलेल्या प्रत्येक डॉलरची बँकेची पावती जपा.

हातात किती उरतं?

धरून चालू: डिस्क २५ रुपयांची, लिलावात साडेबारा डॉलर आले, टपालाचे आठ डॉलर गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतले. एकूण साडेवीस. ईबेचा कट सिनेमांवर साधारण पंधरा टक्क्यांच्या घरात असतो आणि तो टपालासकट पूर्ण रकमेवर लागतो, वर थोडी ठरावीक फी. उरले सुमारे सतरा. चलन बदलताना आणखी थोडं गेलं. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर चौदाशेच्या आसपास हातात. त्यातून टपाल समजा ६५०, पॅकिंग ३०, डिस्कचे २५. सातशे उरले.

पण ही एक डिस्क मिळायला तुम्ही दहांचा लॉट घेतला होता आणि बाकीच्या नऊ घरात आहेत. त्यांचे सव्वादोनशे वजा करा. शिवाय साफ करणं, चालवून पाहणं, फोटो, लिहिणं, टपालाची रांग. नोकरी सोडून करायचा हा धंदा नाही. शनिवारी-रविवारी ज्याला ढीग उपसायला आवडतो, त्याच्यासाठी आहे.

पोस्टर आणि गाण्यांची बुकलेटं विकावीत का?

डिस्कपेक्षा पैसा इथे जास्त आणि धोकाही जास्त. पहिल्या प्रदर्शनाचं पोस्टर आणि दहा वर्षांनी पुन्हा लागलेल्या खेळाचं पोस्टर यांत किमतीचा प्रचंड फरक असतो, आणि दोन्ही जुनीच दिसतात. कागद, छपाईची पद्धत, छापखान्याचं नाव, घडीच्या रेघा पाहायला शिकल्याशिवाय 'ओरिजिनल' हा शब्द लिहू नका. चकचकीत कागदावरचं कोरं पोस्टर बहुधा नवी छपाई असते.

१९७२चा पुरावस्तू कायदाही लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात, आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखित-दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. स्वातंत्र्यापूर्वीचा कागद परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्या. आणि जुन्या फिल्मची रिळं सापडली तर ती पार्सलात घालू नका: १९५०च्या सुमारापर्यंतच्या नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असतात. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत अशाच जुन्या फिल्म जळून गेल्या.

व्हीएचएस टेप?

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात राहिलेली टेप असेल तर झाकण उचलून पाहा. रिळावर पांढरी बुरशी दिसली की ती तुमच्या व्हीसीआरमध्येही घालू नका. कोरडी, कव्हरसकट, कुठेच डिस्कवर न आलेली असेल तरच घ्या.

मी न्यू जर्सीत राहतो, तिथून हे करता येईल का?

उलट सोपं जाईल. गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत डिस्क थोडक्या पैशांत मिळतात आणि देशांतर्गत पाठवायला टपालाचा स्वस्त मीडिया मेल आहे. त्यात डीव्हीडी चालतात, जाहिरातीचा कागद मात्र आत टाकू नका. टपालवाले उघडून पाहू शकतात. सुट्टीवर भारतात आलात की तिकडे मागणी असलेली नाटकं आणि मैफली बॅगेतून न्या.

विकल्या न गेलेल्या डिस्कचं काय करायचं?

एकाच नटाच्या, एकाच दशकाच्या किंवा एकाच भाषेच्या पंधरा-वीस एकत्र बांधून लॉट म्हणून लावा. सुट्या न जाणाऱ्या अशा जातात. तरी राहिल्या तर कव्हर आणि रिकामी खोकी वेगळी काढून ठेवा, चांगल्या डिस्कच्या फुटक्या खोक्यांना ती उपयोगी पडतात. उरलेल्या चकत्या ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्या ढिगात एखादं स्थानिक, कुठेच नोंद नसलेलं चित्रण किंवा जुनं बुकलेट निघालं, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी विचारा. ते असा ठेवा देणगी म्हणून स्वीकारतात.